रहीमसाहेबांचे नाव शाळांपर्यंत पोहोचावे

भारतीय फुटबॉल संघाचे एकेकाळचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरील आपण प्रसिद्ध केलेला लेख मी वाचला आणि नेरूळमध्ये मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या मित्रालाही आवर्जून वाचायला दिला. १९५१ आणि १९६२च्या आशियाई स्पर्धांतील भारताची सुवर्णपदके व मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान यांचा उल्लेख त्यात आहेच. परंतु १९६२च्या जाकार्ता येथील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवण्याचा रहीमसाहेबांचा निर्णय आणि त्याच जर्नेल यांनी दक्षिण कोरियाविरुद्ध केलेला गोल यांवर अधिक विस्ताराने लिहायला हवे होते, कारण खेळाडूची त्यांना असलेली पारख तिथे सर्वाधिक स्पष्ट दिसते. त्यांचे पुत्र हकीम १९६०च्या रोम ऑलिंपिक संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. वडीलच प्रशिक्षक असलेल्या संघात वावरणे सोपे नसावे, असे मला वाटते. जाकार्तानंतर वर्षही उलटले नाही तोच, जून १९६३मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले. २०१७मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. मूळचे शिक्षक असलेल्या या प्रशिक्षकाचे नाव नवी मुंबईतील एखाद्या शालेय फुटबॉल स्पर्धेला दिले जावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.