समुद्राचा सामू ८.१ आहे, म्हणून सारे ठीक?

‘समुद्राचा सामू (pH, आम्लतेचे माप) आजही ८.१ आहे, म्हणजे तो आम्लारिधर्मीच आहे, ०.१ ने काय बिघडते. कार्बन डायऑक्साइड हे तर वनस्पतींचे अन्न. आणि एवढ्या अफाट समुद्राला माणूस काय बदलणार?’ हा फिरता संदेश परवा माझ्या भाचीने मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, मग समुद्राचे आम्लीकरण होते आहे असे आम्हाला शिकवतात ते खोटे का?’ खोटे नाही. आणि शिकत्या मुलांच्या मनात असा संशय पेरला जातो, याचा मला मनापासून राग आहे.

समुद्र आम्लारिधर्मी आहे, म्हणजे त्याचा सामू ७ च्या वर आहे, हे मान्य. ते कोणी नाकारलेलेच नाही. आम्लीकरण, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाण्याचा सामू उतरणे, हा शब्द बदलाची दिशा सांगतो. उकळते पाणी ९० अंशांवर आले तरी ते निवू लागले असेच आपण म्हणतो.

खरा घातक मुद्दा ०.१ चा. सामूची मोजपट्टी लॉगॅरिदमची (एक अंक उतरला की आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन दसपट) असल्याने औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या ८.२ वरून ८.१ वर येणे म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढणे, आणि त्याच प्रक्रियेत शिंपल्यांना कवचासाठी लागणारे कार्बोनेट आयन घटणे. कालवाची अळी पहिले कवच दोनेक दिवसांत, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर घडवते. कार्बोनेट कमी असले की ती शिदोरी कवचातच संपते. अमेरिकेच्या ऑरेगॉन किनाऱ्यावरील एका कालव-बीज केंद्रात २००७ च्या सुमारास अळ्या मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या. वाऱ्यामुळे खोल थरांतील कार्बनयुक्त पाणी वर येणे तिथे नैसर्गिकच आहे, पण त्यात मानवनिर्मित कार्बनची भर पडली होती. पाण्याचा सामू सतत मोजून त्यात आम्लता घटवणारा सोडा (सोडियम कार्बोनेट) मिसळू लागल्यावर उत्पादन सावरले.

वनस्पतींच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे: काही सागरी गवतांची वाढ जादा कार्बनने सुधारते. मात्र पृष्ठभाग तापला की खालची पोषकद्रव्ये वर येणे मंदावते, आणि प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) उपासमार कार्बनने भागत नाही.

‘अफाट’ म्हणाल, तर अफाट आहे म्हणूनच समुद्राने मानवी उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा पोटात घेतला. प्रशांत महासागरातील हवाई बेटांजवळच्या ‘अलोहा’ या ठिकाणी १९८८ पासून जवळपास दर महिन्याला जहाज जाऊन पाण्याचे नमुने घेते. हवेतील कार्बन चढतो तसा त्या पाण्यातलाही चढतो आणि सामू उतरतो, हे तीन दशकांहून अधिक काळ प्रत्यक्ष मोजलेले आहे. त्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. भाचीला मी त्याच पाठवल्या.