गॅस कमी झालेला एसी चालू-बंद होत नाही, तो थांबतच नाही

उन्हाळा आला की फिरणारा तो मेसेज आता आईच्या फोनवरही पोचला आणि तिने लगेच 'गॅसवाल्याला बोलव' म्हणून सांगितलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मेसेज असा: 'एसी सारखा चालू-बंद होतोय? गॅस कमी झालाय! दर उन्हाळ्याआधी गॅस भरून घ्या. १६ वर ठेवा, कट होणार नाही. आउटडोअरवर ओलं गोणपाट टाका. नवीन घेताना अर्धा टन जास्तच घ्या. स्टॅबिलायझर काढून टाका.' खाली जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

पैसे जातात ते पहिल्या मुद्द्यात, आणि तोच सपशेल उलटा आहे. एसीतला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), घरातली आणि बाहेरची अशा दोन कॉइल (नळ्यांच्या जाळ्या) आणि तांब्याच्या नळ्या यांत तोच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. आणि गॅस कमी म्हणजे गारवा कमी. खोली रिमोटवर लावलेल्या २४ अंशांना पोचलीच नाही तर थर्मोस्टॅट (तापमान बघून चालू-बंद करणारा भाग) कॉम्प्रेसरला थांबवणार कशाला? गॅस कमी झालेला एसी तासन्‌तास घरघरत राहतो आणि खोली कोमटच. मेसेजात लिहिलंय त्याच्या बरोबर विरुद्ध.

एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. गॅस फारच कमी झाला तर कॉम्प्रेसरची मोटर तापते, कारण आतून फिरणारा गॅसच तिला गार ठेवत असतो. मग ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पाडतो. किंवा इनडोअर कॉइलवर बर्फ धरतो आणि कॉइलचा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो. पण तेव्हा बाकीच्या खुणा दिसतात: कॉइलचा थोडाच भाग बर्फाळ आणि उरलेला कोरडा, आउटडोअरच्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर दंव, नटाभोवती तेलकट डाग, क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) करंट नेमप्लेटवरच्या आकड्याहून बराच कमी. यातलं काहीच नसेल तर गॅसचं नाव काढू नका. बर्फाचं तर पहिलं कारण धुळीने गच्च झालेला फिल्टर असतं. शेजारी बांधकाम चालू असेल तर तो दर पंधरा दिवसांनी धुवा.

आउटडोअरच्या बाजूवर चिकटवलेली नेमप्लेट या सगळ्या वादाचा निकाल लावते. तिच्यावर गॅसचा प्रकार आणि त्याचं वजन छापलेलं असतं. दीड टनाच्या बऱ्याच यंत्रांत ते किलोच्या आतच असतं. 'प्रेशर बघून थोडा मारतो' म्हणणाऱ्याने हा आकडा वाचलेलाच नसतो. नीट काम असं होतं: नायट्रोजन दाबून साबणाच्या फेसाने गळती शोधायची, जोड दुरुस्त करायचा, पंप लावून पूर्ण व्हॅक्युम करायचा (नळ्यांतली हवा आणि ओल काढायची), मग वजनकाट्यावर नेमप्लेटइतका गॅस भरायचा. काटा आणला नसेल तर चहा पाजून परत पाठवा. कारण गॅस जास्त झाला की आउटडोअरचा दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि ओव्हरलोडवर बंद पडतो. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून गॅस मारला, तोच रोग चालून आला. शिवाय हल्लीच्या बहुतेक एसींत आर-३२ नावाचा गॅस आहे आणि तो पेट घेतो. नळीत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावणाऱ्याला तिथेच थांबवा. मुंबईत खाडीकाठी, मोठ्या नाल्याकाठी तांब्याची कॉइल काळी पडून तिला बारीक छिद्रं पडतात. तिथे दर मार्चला गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

मग चालू-बंद होतो कशाने? आधी घड्याळ लावा. साध्या, बिनइन्व्हर्टर (कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या) एसीने दहा-पंधरा मिनिटं चालून काही मिनिटं थांबणं हे त्याचं कामच आहे. पाच मिनिटांच्या आत बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद, हे दिवसभर होत असेल तर बिघाड. ड्राय मोड (हवेतली ओल काढणारा) लागलेला नाही ना, तेही बघा. त्यात तो मुद्दाम असाच चालतो.

आता बंद नेमकं काय होतंय ते बघा. इनडोअरचा डिस्प्लेही विझतो? मग वीज तुटतेय: १६ अँपिअरचा प्लग काळा पडलाय, एमसीबी (आपोआप पडणारं वीजबटण) सैल आहे किंवा स्टॅबिलायझर कट करतोय. आउटडोअरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर गप्प, मधूनच हुंकार आणि 'टक्'? कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) किंवा ओव्हरलोड. कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरड छापलेलं असेल आणि मीटर ३८ दाखवत असेल तर बदला. स्वतः हात घालू नका, वीज बंद केल्यावरही तो झटका देतो. पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकदम थांबतात? मग इनडोअरच थांब म्हणतोय, आणि बहुतेक वेळा त्याची फसगत झालेली असते. आपल्याकडे इनडोअर माळ्याखाली, पीओपीच्या खोक्यात कोंबतात. समोर कपाट, बाजूला जाड पडदा. गार हवा तिथे आपटून तशीच वर ओढली जाते, जाळीमागचा तापमान मोजणारा सेन्सर म्हणतो 'झाली खोली गार', आणि पलंगावर माणूस घामाघूम. पडदा सारा, झडपा आडव्या करा, तासभर बघा. रिमोटमध्ये 'आय फील' किंवा 'फॉलो मी' चालू असेल तर तापमान रिमोट मोजतो. तो थेट झोतात पडलेला नको. एवढं करूनही फरक नसेल तर सेन्सर तपासा, त्याचा भाग स्वस्त असतो.

१६ वर ठेवायचं म्हणजे ताप आला तरी थर्मामीटरच लावायचा नाही. चालू-बंद कदाचित थांबेल, बिघाड तसाच राहील, बिल मात्र वाढेल. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी सुरुवातीला २४ वरच लागतात, आणि एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं तीच संस्था सांगते.

ओल्या गोणपाटाला मात्र दाद द्यायला हवी. आउटडोअरचं काम एकच: गरम हवा बाहेर फेकणं. त्याच्यावर गोणपाट घालायचं म्हणजे धापा टाकणाऱ्याच्या तोंडावर उशी. आधीच तो बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्यांमागे, कबुतरांच्या जाळीत नाहीतर इमारतीच्या डक्टमध्ये कोंडलेला, कधी गेल्या पावसाळ्यातली निळी ताडपत्री अजून अंगावर. स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो, तापतो, ट्रिप होतो. ताडपत्री काढा, काड्या-पिसं काढा, वीज बंद करून कॉइल पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. टाकीचं पाणी रोज शिंपडलंत तर कॉइलवर क्षारांचा थर बसेल.

अर्धा टन जास्त? दहा बाय बाराच्या खोलीला साधारणपणे एक टन पुरतो. वर गच्ची तापत असेल तर गोष्ट वेगळी. पण एक टन पुरणाऱ्या खोलीत दीड टनी लावलात तर तो लवकर खोली गार करून थांबेल आणि हवेतलं पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळणार नाही. कॉइलवर जमलेलं थोडंफार पाणी इनडोअरचा पंखा वाफ करून परत खोलीत सोडतो. मुंबईच्या दमट हवेत म्हणजे गार पण चिकचिकीत.

स्टॅबिलायझरबद्दल मेसेज चुकून थोडा बरोबर आहे, खराब रिले (वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) असलेला स्टॅबिलायझर खरंच एसीची वीज तोडतो. पण काढण्याआधी एसीच्या पुस्तिकेत तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते वाचा, आणि संध्याकाळी सगळी इमारत एसी लावते तेव्हा सॉकेटवरचं व्होल्टेज मोजून बघा.