पायथन म्हणजे इंग्रजी नव्हे

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘पायथन म्हणजे साधं इंग्रजी. इंग्रजी चांगलं असेल तर सिंटॅक्स (कोड लिहिण्याचे नियम) शिकावाच लागत नाही. कच्चं असेल तर नादी लागू नका. तसंही आता एआय कोड लिहून देतो.’ बारावीनंतर काय करावं या विचारात असलेली पोरं हे वाचून बिचकतात.

आधी ‘साधं इंग्रजी’. रंग लाल किंवा निळा आहे का, हे बोलण्याच्या चालीवर तपासायला जा: इफ रंग == "लाल" ऑर "निळा" (== म्हणजे ‘बरोबर आहे का’). आता रंग हिरवा असला तरी अट खरीच ठरते! ऑरच्या दोन्ही बाजू पायथन स्वतंत्र धरतो, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) त्याच्या लेखी खरी. ‘रंग ==’ दोन्हीकडे लिहावंच लागतं. म्हणजे इथे चांगलं इंग्रजीच नडतं.

शिवाय अर्धा अर्थ ओळीआधीच्या मोकळ्या जागेत असतो. फॉर लूपमधली (तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या भागातली) शेवटची प्रिंटची, म्हणजे उत्तर स्क्रीनवर दाखवणारी ओळ चार स्पेस आत असेल तर ती दर फेरीला चालते. डावीकडे सरकवली की लूप संपल्यावर एकदाच. शब्द तेच, एरर नाही, उत्तर मात्र वेगळं. हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात शिकवतात?

कच्च्या इंग्रजीचं म्हणाल, तर पायथनचे राखीव शब्द (इफ, ऑर, फॉर असे ठरलेल्या अर्थाचे) अवघे 35, आणि सुरुवातीला त्यातले निम्मेही लागत नाहीत. 2008 साली आलेल्या पायथन 3 पासून व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या डब्यांची) नावं देवनागरीतही चालतात: वय = 18, एकूण_गुण = 0. इनपुटमधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेलं, येतं ते सगळं स्ट्रिंग असतं, म्हणून आकड्यासाठी ते इंटमधून (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून) काढावं लागतं. तिथे कुणी ‘१२’ टाइप केलं तरी पायथन ते 12 च धरतो. (थेट कोडमध्ये १२ लिहिलं तर मात्र एरर.) एरर मेसेज आणि मदतीची पानं वाचायला इंग्रजी लागतं, हे मान्य. पण ते मेसेज ठरावीक असतात, सरावाने ओळखीचे होतात.

उरला एआय. त्याने बेचा पाढा लिहून दिला आणि लूपमध्ये आकड्यांची रांग देणारं रेंज(1, 10) असेल, तर पाढा ‘बे नवे अठरा’वर थांबतो, कारण रेंज शेवटचा आकडा घेत नाही. एररही येत नाही. सिंटॅक्स शिकलेला पोरगा 10 चे 11 करून मोकळा होतो. न शिकलेला पुन्हा एआयलाच विचारत बसतो.