खुलासा: यूव्ही प्रिंटमध्ये रेषा आल्या तर हेडला थिनर लावू नका

प्रिंटिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "यूव्ही फ्लॅटबेडच्या प्रिंटमध्ये रेषा आल्या की थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हेड पुसा, नोझल मोकळे होतात." हे चुकीचं आहे, आणि त्यात लाखाच्या घरातलं हेड (बारीक छिद्रांतून, म्हणजे नोझलमधून, शाई फवारणारा भाग) जाऊ शकतं. यूव्ही फ्लॅटबेड म्हणजे सपाट वस्तूंवर यूव्ही शाईने छापणारं मशीन.

यूव्ही शाई हवेवर वाळत नाही, लॅम्पच्या अतिनील प्रकाशाने कडक होते. नोझलमध्ये पूर्ण कडक झालेली शाई थिनरने विरघळत नाही. उलट हेडमधले चिकटवलेले जोड आणि नोझल प्लेटवरचा नाजूक थर खराब होऊ शकतो. हेडला कोणतं द्रव चालतं ते मॅन्युअलमध्ये पाहा. शाईसोबत सुचवलेलं सफाईचं द्रवच (फ्लश) वापरा, तेही धागे न सुटणाऱ्या (लिंट-फ्री) स्वॅबने, न घासता.

मुळात प्रत्येक रेष तुंबलेल्या नोझलची नसते. आधी नोझल चेक, म्हणजे सगळी नोझल चालतात का ते दाखवणारी चाचणी प्रिंट, काढा. पॅटर्न अख्खा आला, तर बहुधा स्टेप कॅलिब्रेशन (प्रत्येक फेरीनंतर किती पुढे सरकायचं त्याचं माप) चुकलेलं असतं. कडा दुहेरी दिसत असतील तर दोन्ही दिशांचं अलाइनमेंट (हेड जाताना आणि येताना छापलेलं जुळतं का) आणि हेडची उंची बघा. पॅटर्नमधल्या रिकाम्या जागा दर चेकला बदलत असतील, तर बहुधा शाईत हवा शिरलीय किंवा निगेटिव्ह प्रेशर (शाई हेडमधून गळू नये म्हणून ठेवलेला उणे दाब) बिघडलंय. तीच जागा कायम रिकामी असेल, तरच तुंबल्याचा संशय घ्या. मिरर अ‍ॅक्रिलिकवर (आरशासारख्या चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर) छापताना तुंबण्याचा धोका जास्त असतो, कारण लॅम्पचा प्रकाश उलटून हेडखाली जातो आणि नोझलमधली शाई कडक करू शकतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.