दशांशचिन्हाच्या उजवीकडे

कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ एमएमच्या झूम लेन्सविषयी (हे आकडे फोकल लेंथचे : आकडा वाढला की दृश्य जवळ येते आणि अरुंद होते) माझी मुळीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती सूर्याविषयी, कारण तो रोज मावळतो. तो मावळला की ५५ च्या टोकाला ही लेन्स एफ ५.६ एवढ्या छिद्राच्या पुढे उघडायला राजी होत नाही, शटर १/८ सेकंदावर येऊन बसते, आणि तेवढ्या अवधीत माझा पुतण्या चौकटीत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असतो. फ्लॅश मारला तर तो स्थिर येतो, पण रंगेहाथ पकडलेल्या चोरासारखा दिसतो. यावर जाणकार एकच उपाय सांगतात : मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे मोठ्या छिद्राची, फास्ट अशी स्टँडर्ड प्राइम घ्यावी, म्हणजे झूम न होणारी आणि साधारण डोळ्याला दिसते तसे दृश्य देणारी लेन्स. एफ ५.६ वरून एफ १.४ वर आले की १६ पट प्रकाश आत येतो, म्हणजे १/८ चे शटर थेट १/१२५ होते. गणित इतके निर्विवाद होते की आता फक्त लेन्स विकत आणायची तेवढी बाकी आहे, अशी माझी समजूत झाली.

‘पन्नास घ्या, डोळे झाकून घ्या,’ असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले ते सगळे छायाचित्रकार होते, हे विशेष. पन्नासाचा दरारा जुना आहे. १९२५ मध्ये लायका बाजारात आला तो ५० एमएमच्या लेन्ससह, आणि पुढे फिल्मच्या एसएलआर (लेन्समधूनच दृश्य पाहण्याच्या) कॅमेऱ्यांबरोबरही बहुधा हीच लेन्स येत असे. वास्तविक स्टँडर्ड लेन्सची फोकल लेंथ चौकटीच्या कर्णाएवढी मानतात, आणि फिल्मच्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो, तेव्हा काटेकोर हिशेबाने मान त्रेचाळिसाला मिळायला हवा होता. पण त्रेचाळिसाव्या वर्षी कोणी सुवर्णमहोत्सव करीत नाही. माझी अडचण निराळीच होती. माझ्या निकॉनचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप, लहान, डीएक्स आकाराचा, आणि त्याच्यापुढे ५० ची लेन्स लावली की दृश्य ७५ चे दिसते. अशा लेन्सने खोलीत गप्पा मारत बसलेल्या चौघांचा फोटो काढायचा म्हटले, तर मागे सरकत सरकत पाठ भिंतीला लागते आणि तरीही चौकटीत अडीच माणसेच मावतात. त्यापुढे भिंत पाडणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो खर्च मी लेन्सच्या अंदाजपत्रकात धरलेला नव्हता. ३५ ची लेन्स घेतली तर दीडपटीच्या हिशेबाने साडेबावन्न होतात, म्हणजे खरी स्टँडर्ड तीच. शिवाय जुनी, आटोपशीर ५० एमएम एफ १.८ डी आधीच बाद झाली होती, कारण ती फोकस करण्यासाठी बॉडीतल्या, म्हणजे खुद्द कॅमेऱ्यातल्या, मोटरवर अवलंबून असते आणि निकॉनच्या डी४० पासून सुरू झालेल्या धाकट्या बॉडींमध्ये ती मोटरच नाही. त्यांच्यावर फोकस हाताने फिरवावा लागतो, आणि पुतण्याचा वेग पाहता हाताने करता येण्याजोगे ते काम नव्हे.

इथवर सगळे सुसूत्र चालले होते. घोळ सुरू झाला तो दशांशचिन्हाच्या उजवीकडे. एफ १.८ की एफ १.४, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की माणसाला दुसरे काही सुचत नाही. दोहोंतले अंतर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). म्हणजे जिथे १.८ च्या लेन्सला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० लागतो, तिथे १.४ च्या लेन्सचे १००० वर भागते. हे वाक्य मी घरात इतक्यांदा उच्चारले की शेवटी पत्नीने विषयात लक्ष घातले.

“अहो, चार म्हणजे आठापेक्षा लहानच ना?”

“आकडा लहान, पण छिद्र मोठे.”

“आणि लहान आकड्याला पैसे जास्त?”

“बरेच जास्त.”

“मग शून्य आकड्याची मिळते का, तेवढे विचारून घ्या,” असे म्हणून ती आपल्या कामाला लागली. मी तिला एफ-संख्या म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास, त्यामुळे शून्यासाठी व्यास अनंत लागेल, हे समजावून सांगायला उठलो होतो. पण लेन्स अनंत महाग असेल एवढे तिने आधीच ताडले असावे.

अनुभवाशिवाय निर्णय नको म्हणून एका मित्राची ५० एमएम एफ १.४ उसनी आणली आणि दिवाणखान्यात स्वस्थ बसलेल्या सासऱ्यांवर पहिला प्रयोग केला. एक मीटरवरून, अ‍ॅपर्चर सताड उघडे ठेवून अशी लेन्स वापरली, तर माझ्यासारख्या सेन्सरवर स्पष्टतेची जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. ती दोन सेंटिमीटरे सासऱ्यांच्या नाकाने एकट्याने वापरली. नाक असे काही उमटले की त्यावरचा चष्म्याचा वळ मोजून घ्यावा. चष्म्याच्या आतले डोळे मात्र धुक्यात होते आणि कान अंदाजाने ओळखावे लागत होते. “पार्श्वभूमी सुंदर विरघळली आहे,” असे मी त्यांना म्हणालो. “त्या पार्श्वभूमीत मीही आहे, जावईबापू,” ते म्हणाले. यात आणखी एक मेख अशी की, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरचा पडदा एवढी उथळ स्पष्टता दाखवतच नाही. डोळ्याला साधारण एफ २.८ सारखे दृश्य दिसते, त्यामुळे नाक जिंकले की डोळे, हे निकाल लागल्यावरच कळते. त्यावर उपाय म्हणून तिरपी पट्टी ठेवून तिचे फोटो काढायचे आणि फोकस पुढे पडतो की मागे ते तपासायचे, अशी रीत आहे. माझ्याकडे पट्टीचे उत्तमोत्तम फोटो आहेत.

परीक्षणे वाचण्याचा काळ मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याने माझी झोप गेली, वाचकाची जायला नको. तिथे विटांच्या भिंतींचे फोटो काढून, शंभर टक्के मोठे करून, त्यांचे चारही कोपरे तपासतात. अंधारात नाचणाऱ्या मुलाच्या फोटोचा डावा वरचा कोपरा आजवर कोणत्या आजीने तपासला आहे, हे मला ठाऊक नाही. मग दूरचे दिवे किती गोल उमटतात ते पाहायचे, त्यासाठी अ‍ॅपर्चरच्या पात्या मोजायच्या : सात बऱ्या, नऊ अधिक बऱ्या, पाच असतील तर लेन्स जरा आवळताच दिव्यांचे पंचकोन. मधल्या काळात मी सिग्माच्या ५० एमएम आर्टकडेही ओढला गेलो होतो. लेन्स अप्रतिम, पण वजन ८१५ ग्रॅम. माझ्या कॅमेऱ्याची बॉडी त्यापेक्षा हलकी आहे, तेव्हा कोणी कोणाला धरायचे हा प्रश्न उभा राहिला.

या साऱ्या संशोधनातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली : १.४ च्या लेन्सवर स्तुतिसुमने उधळणारे बहुतेक सगळे लोक पुढच्याच परिच्छेदात ‘ती २.२ किंवा २.८ वर लावा, म्हणजे खरी धार दिसते’ असा सल्ला देतात. दोन तृतीयांश स्टॉपसाठी पैसे मोजायचे आणि मग सव्वा स्टॉप परत करायचा, हा व्यवहार मला, निदान पुतण्यापुरता, परवडणारा वाटला नाही. शेवटी २००९ मध्ये निकॉनने खास लहान सेन्सरसाठी काढलेली ३५ एमएम एफ १.८ घेतली. वजन २०० ग्रॅम, मोटर लेन्सच्या आतच, आणि ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येते. पांढऱ्यावर काळे आले की सताड उघड्या अ‍ॅपर्चरला कडांवर किंचित जांभळी-हिरवी झाक येते, पण ती मला परीक्षणांनी दाखवली म्हणून दिसते. सासऱ्यांना अजून दिसलेली नाही, आणि मी ती त्यांना दाखवणारही नाही. त्यांचे दोन्ही डोळे आता फोटोत असतात. मी बहुतेक वेळा २.२ वर असतो.

लेन्सबरोबर हुड, पिशवी आणि माहितीपत्रक आले. फिल्टरचा व्यास ५२ मिलिमीटर, जुन्या झूम लेन्सचाही तेवढाच. त्यामुळे दोन्हींची झाकणे एकमेकींना बसतात, आणि झाकण कोणते निवडावे यावर मला काहीही वाचावे लागले नाही.