२१.५ किलो दिलं, १५.५ किलो मिळालं, या तक्रारीबद्दल

नमस्कार दादा. आमच्या शिसं वितळवून लगडी ओतायच्या शेडला तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की २१.५ किलो भंगार शिसं दिलं, १५.५ किलोच्या लगडी मिळाल्या, मधले ६ किलो आम्ही खाल्ले, वर दोन दिवस खोळंबा केला आणि लहान मुलाला शेडबाहेर उभं केलं. खोळंबा झाला आणि कामावरचा मुलगा फोनवर तोडून बोलला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "खाल्ले" हा शब्द फार लागला.

६ किलोंचा हिशोब सांगतो. पोत्यात टायरच्या दुकानातली, चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती वजनं होती. त्यात ३.१ किलो जस्ताची आणि लोखंडाची निघाली. लोखंडी क्लिपा १.६ किलो. ही दोन्ही पिशवीत बांधून तुम्हालाच परत दिली, तुमच्या हातानं रिक्षात ठेवलीत. माती, रंग, चिकटपट्ट्या ४०० ग्रॅम. उरली ९०० ग्रॅम मळी, म्हणजे वितळल्या शिशावर येणारा मळ.

जस्त का वेचायचं? फरशीवर टाकलं की शिसं थप्प वाजतं, जस्त ठणकन. कटरचा दात शिशात रुततो, जस्तावर घसरतो. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ ला, म्हणून कढई ३८० च्या वर जाऊ देत नाही. एखादा तुकडा नजरेतून सुटलाच तर क्लिपांबरोबर वर तरंगतो, झाऱ्यानं काढता येतो. तो वितळून शिशात मिसळला तर रस रव्याच्या खिरीसारखा दाटतो आणि साचा भरत नाही. मग कढईतला सगळा माल वायाच.

मळीचंही तसंच. वर राखेसारखी साय येते, ती लगेच काढली तर तिच्याबरोबर चांगलं शिसं जातं. आम्ही मेणाचा तुकडा टाकून तळापासून ढवळतो. मेणाचा धूर पेटतो, पण सायीतलं बरंचसं शिसं रसात परततं. हे दोनदा केलं, तेव्हा ९०० ग्रॅमवर आलं. ती कोरडी भुकटी आमच्याकडे झाकणाच्या डब्यात आहे, हे खरं. ती गटारात टाकायची वस्तू नाही. तिचे पैसे मजुरीतून वळते करायचं बघू.

दोन दिवसांचं कारण तुमचं पोतंच, दादा. ते पावसात भिजलेलं होतं. ओला तुकडा तापल्या रसात बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. पत्र्यावर पूर्ण वाळवल्याशिवाय कढईत काहीच पडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आणि मुलाला बाहेर थांबवलं ते अपमान करायला नव्हे. शिशाची धूळ हाताला लागून तोंडात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती सगळ्यात जास्त बाधते. सावलीत खुर्ची द्यायला हवी होती, ती आता ठेवतो. तुमची इन्व्हर्टरची बॅटरी घेतली नाही, कारण २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी. विकणाऱ्या दुकानदाराला परत द्या.

यापुढे वजनाची चिठ्ठी लिहून द्यायचा विचार आहे. लगडींवर शंका असेल तर अक्कलकोट रोडच्या कुठल्याही काट्यावर तोलून घ्या.

उजनी धरणातल्या मासेमारीच्या जाळ्यासाठी शिशाचे मणी ओतणार म्हणाला होतात. साचा आधी तापवा, पूर्ण कोरडा असू द्या. पहिले दोन-चार सुरकुतलेले येतील, ते परत भांड्यात टाका. हे काम उघड्यावर करा, घरच्या स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको.