ट्रान्सपोर्ट कंपनी विकत घेताना नेमकं काय हाती येतं?

एखाद्या ट्रकिंग कंपनीने दुसरी कंपनी घेतली की बातमीत दोन आकडे हमखास येतात: ताफ्यात किती ट्रक वाढले आणि उलाढाल किती झाली. माझं स्पष्ट मत आहे की या दोन आकड्यांवरून काहीच कळत नाही.

आधी नफ्याचं बघा. किंमत ठरते ती बहुतेकदा व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीच्या नफ्याच्या पटीत. ट्रकच्या धंद्यात हाच आकडा फसवतो. समजा 140 ट्रक आहेत आणि प्रत्येक ट्रक 7 वर्षांनी बदलायचा आहे. म्हणजे दरवर्षी 20 नवे ट्रक लागतात. विकणाऱ्याने शेवटची 3 वर्षं 5-5च घेतले असतील, तर 45 ट्रकांची खरेदी तुंबलेली असते. या नफ्यात ती कुठेच दिसत नाही, भरावी लागते नव्या मालकाला. म्हणून प्रत्येक गाडीचं वय, किलोमीटर, टायरची स्थिती आणि उरलेलं कर्ज यांची यादी हातात आल्याशिवाय किमतीवर बोलूच नये.

अपघाताचे दावे आणखी छुपे असतात. आज झालेल्या अपघाताचा दावा कोर्टात कित्येक वर्षं चालतो. कंपनीचे शेअर घेतले तर ते जुने दावेही सोबत येतात. फक्त गाड्या आणि करार घेतले तर ही जोखीम बरीच कमी होते, पण परवाने आणि ग्राहकांचे करार नव्याने करावे लागतात. मधला मार्ग म्हणजे किमतीचा काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत त्रयस्थाकडे राखून ठेवणं.

ग्राहकांची बेरीजही सरळ होत नाही. दोन्ही कंपन्या एकाच कारखान्याचा माल नेत असतील, तर विलीनीकरणानंतर तो कारखाना सगळा माल एकाच्या हाती देत नाही. दुसरा वाहतूकदार हवाच म्हणून तिसऱ्याला बोलावतो. दोन्ही ग्राहकयाद्या शेजारी ठेवून सामाईक नावं वेगळी काढावीत आणि तिथला थोडा माल जाणारच असं धरूनच हिशेब करावा.

अमेरिकेतल्या यलो या ट्रकिंग कंपनीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिने 2003 मध्ये रोडवे ही दुसरी ट्रकिंग कंपनी घेतली, 2005 मध्ये यूएसएफ. दोन्हींसाठी एक-एक अब्ज डॉलरहून जास्त मोजले, त्यात कर्जाचा बोजा वाढला. यलो आणि रोडवेची टर्मिनल आणि मार्गांची जाळी प्रत्यक्षात एकत्र केली 2009 मध्ये, ऐन मंदीत. सेवा विस्कळीत झाली, ग्राहक गेले. उरलेल्या कंपन्या एकत्र करण्याच्या योजनेवरून पुढे कामगार संघटनेशी वाद पेटला आणि 2023 मध्ये कंपनी बंद पडून सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं. दिवाळखोरीनंतर मोठी किंमत आली ती टर्मिनलच्या जागांना: पहिल्या मोठ्या विक्रीतच सुमारे 1.9 अब्ज डॉलर. पार्ट लोडच्या धंद्यात, म्हणजे अनेक ग्राहकांचा थोडाथोडा माल एकाच ट्रकमधून नेताना, मोक्याच्या जागी माल चढवा-उतरवायची दारं असलेलं टर्मिनल सहज उभं राहत नाही, म्हणून.

याउलट नाइट आणि स्विफ्ट या अमेरिकेतल्याच ट्रकिंग कंपन्या 2017 मध्ये एकत्र आल्या, पण दोन्ही नावं आणि दोन्हींचं कामकाज वेगळं ठेवलं. फुल लोडमध्ये, म्हणजे अख्खा ट्रक एकाच ग्राहकाचा असतो तिथे, हे जमतं, कारण माल एका दारातून थेट दुसऱ्या दारात जातो. डिझेल, टायर, ट्रक यांची खरेदी एकत्र केली की बराचसा फायदा हाती येतो. पार्ट लोडमध्ये मात्र खरा फायदा जाळी एकत्र केल्यावरच मिळतो: त्याच फेरीत जास्त थांबे, त्याच ट्रेलरमध्ये जास्त माल. आणि धोकाही नेमका तिथेच असतो.

एकत्रीकरणाचा क्रम मी असा धरेन. पहिला पगार बिनचूक आणि वेळेवर. ड्रायव्हरच्या एका पगारात गफलत झाली की तो दुसरीकडे फोन लावतो, आणि ड्रायव्हर नसलेल्या ट्रकच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. डिस्पॅचर, म्हणजे कोणता ट्रक कुठे जाणार हे ठरवणारे लोक, किमान वर्षभर हलवू नयेत. कोणत्या गावाहून परतीचा माल कुणाकडून मिळतो, हे त्यांच्या डोक्यात असतं, फाइलमध्ये नाही. मग इंधन आणि टायरची खरेदी. संगणक प्रणाली त्यानंतर, आणि तीही हंगामाच्या गर्दीत किंवा महिनाअखेरीस कधीच नाही.

बिलिंगला सगळे दुय्यम समजतात, ते मला पटत नाही. दोन कंपन्यांत एकाच ग्राहकाचे कोड वेगळे, डिझेल अधिभाराचे तक्ते वेगळे, वजन गोल करायची पद्धतही वेगळी. घाईत यादी जोडली की चुकीची बिलं जातात. ग्राहक फक्त चुकीची ओळ अडवत नाही, अख्खं बिल अडवतो. उधारी 40 दिवसांवरून 60 वर गेली, तर रोजच्या 10 लाखांच्या उलाढालीवर 2 कोटी अडकतात. डिझेल आणि पगार त्या काळात रोखीनेच द्यावे लागतात. म्हणून निदान दोन पूर्ण बिलिंग चक्रं जुनी आणि नवी प्रणाली समांतर चालवावी, आणि सर्वांत मोठ्या 50 ग्राहकांची बिलं माणसाने ओळ न् ओळ तपासूनच पाठवावीत.